रिकाम्या पेटीची किंमत

पुण्याच्या आतेभावाने परवा एक रील पाठवले. मोटारीच्या बॉनेटवर ठेवलेला गावठी कट्टा, मागे ढोलाचा ठेका आणि खाली 'इनबॉक्स करा' एवढेच दोन शब्द. सोबत त्याचा संताप होता : या समाजमाध्यम कंपन्यांच्या साहेबांना आत टाकल्याशिवाय हे थांबायचे नाही, तुमच्या अमेरिकेत काय करतात?

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, आणि इथे जे करतात त्यातले फारसे काही आपण उचलावे असे मला वाटत नाही. 1968 च्या कायद्याने बंदुकांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, 1993 च्या कायद्याने अशा विक्रेत्याला गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी, म्हणजे त्याला बंदूक बाळगायला मनाई तर नाही ना याची खातरजमा, करावी लागते. मात्र धंदा न करणाऱ्या माणसाने आपली बंदूक राज्यातल्याच दुसऱ्या माणसाला विकली, तर ती तपासणी ना संघराज्याचा कायदा मागतो ना आमचे राज्य. 'धंदा' कशाला म्हणायचे ही व्याख्या 2022 मध्ये थोडी रुंदावली, एवढेच. जानेवारी 2016 मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामने असे खासगी व्यवहार आपल्या जागेवर बंद केले, तो मुळात कंपनीने स्वतःच्या घरापुरता केलेला नियम होता. नियम मोडणाऱ्या विक्रेत्याला दहा वेळा पकडल्यावरच बाहेर काढले जाते, अशी बातमी पुढे 2022 मध्ये आली. मी स्वतः फेसबुकवरच्या बाजारात बंदुकीच्या रिकाम्या पेटीची जाहिरात पाहिली आहे. फोटोत प्लास्टिकची साधी पेटी, किंमत मात्र पाचशे डॉलर. ती कशाची किंमत होती, हे बघणाऱ्याला कळत होते.

कायद्यातली ही फट किती महाग पडते, ते याच राज्यात 2012 मध्ये दिसले. न्यायालयाने ज्याला बंदूक बाळगायला मनाई केली होती अशा एका नवऱ्याने बंदुकांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर खासगी विक्रेता शोधला, कोणत्याही तपासणीविना पिस्तूल घेतले आणि पत्नीसह तीन जणींचा जीव घेऊन स्वतःलाही संपवले. एका मृत महिलेच्या मुलीने संकेतस्थळाविरुद्ध दावा लावला. जाहिरात तिसऱ्याने दिलेली असल्याने 1996 च्या कायद्याचे कलम 230 संकेतस्थळाला संरक्षण देते, असे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो दावा फेटाळला. आतेभावाचा संताप मला परका वाटत नाही तो यामुळेच.

परंतु आपल्याकडची अडचण वेगळी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने विकणाऱ्यालाही परवाना लागतो आणि बाळगणाऱ्यालाही. बेकायदा विक्रीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. म्हणजे खासगी विक्रीची पळवाट आपल्याकडे नाहीच, आणि 'इनबॉक्स करा' म्हणणारे रील हा गुन्ह्याचा पुरावाच ठरू शकतो. कंपन्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 संरक्षण देते खरे, पण न्यायालयाचा वा सरकारचा आदेश डावलला की ते उरत नाही. साहेबांना आत टाकण्याची मागणी टाळ्या मिळवते; कट्टा बनवणारा मात्र त्या वेळी दुसऱ्या खात्यावरून माल दाखवत असतो.

अमुक इतकी खाती बंद केली, असे कुणी अभिमानाने सांगितले की मी अस्वस्थ होतो. खाते बंद होणे म्हणजे फळा पुसणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार, आदेशावरून हटवलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपून ठेवण्याचे बंधन कंपनीवर आहे. त्या मुदतीत तपास दूरध्वनी क्रमांकापर्यंत, तिथून पैसे घेणाऱ्यापर्यंत आणि शेवटी कट्टा घडला त्या भट्टीपर्यंत किती वेळा पोहोचला, हा आकडा विचारायला हवा. कोणी विचारत नाही.

आतेभावाला मी लिहिले : आधी दुवा आणि खात्याचे नाव टिपून घे, पोलिसांच्या सायबर शाखेकडे दे, कंपनीकडे तक्रार नंतर कर. त्याचे उत्तर तासाभरात आले. तक्रार त्याने आधीच केली होती, रील गेलेही होते. आणि त्याच बॉनेटचे दुसरे रील नव्या नावाने आले होते.