चार्जिंग आणि आरपीएमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दोन दिवस थांबून लिहितोय कारण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर तावातावात काहीतरी लिहून गेलो असतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तीनदा बोटीचं आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेर बसतं ते) दिलं तरी बॅटरी चार्जिंगचा प्रॉब्लेम गेला नाही, उलट आमच्याकडून आल्यावर आरपीएम (मिनिटाचे फेरे) 3900 च्या वर जाईना, आधी स्टेटर (इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइल) गेलाय म्हटलं आणि नंतर चांगला आहे म्हटलं, आणि शेवटी सगळं तुमच्या बॅटरीवर ढकललं. यातल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे, ती आधी कबूल करतो, बाकीचं मग.

पहिली चूक. तुम्ही फक्त इंजिन उतरवून आणलं होतं, बोट आणि बॅटरी नव्हती. रेक्टिफायर-रेग्युलेटरचा (स्टेटरची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा पार्ट) एक डायोड उडालेला मिळाला, नवीन टाकला, पाण्याच्या टाकीत इंजिन चालवलं, बॅटरीवर 14.2 व्होल्ट दिसले, आम्ही खूश, तुम्ही खूश. पण ती बॅटरी आमची होती, केबलही आमची, टर्मिनल स्वच्छ. म्हणजे आम्ही टेस्ट केलं फक्त इंजिन आणि परत देताना बोललो असं की तुमचा चार्जिंगचा प्रॉब्लेम गेला. ते बोलायला नको होतं. बोट आणा म्हणून तेव्हाच सांगायला हवं होतं.

दुसरी चूक थ्रॉटल केबलची. इंजिन बोटीवर परत बसवताना आमच्या पोराने केबल लावली पण टोकाचं अ‍ॅडजस्टमेंट जुन्या जागी आलं नाही. लिव्हर पूर्ण पुढे ढकलला तरी कार्ब्युरेटरचे बटरफ्लाय (हवेच्या वाटेतल्या झडपा) पूर्ण उघडत नव्हते, थोडे तिरके राहत होते. हे बघायला दोन मिनिटं लागतात, इंजिन बंद ठेवायचं, कव्हर काढायचं, लिव्हर पुढे आणि आत डोकवायचं. आम्ही डोकावलो नाही. माफी मागतो.

आता 3900 चं. तुम्ही लिहिलंय की इंजिनची ताकद आम्ही घालवली. टॅकोवर (आरपीएम दाखवणारा मीटर) 3900 दिसत होते हे बरोबर, आम्हीही बघितले, पण इंजिन 3900 वर फिरत नव्हतं सर. तुमच्यासारख्या बऱ्याच आउटबोर्डना टॅकोची वायर चार्जिंगमधूनच येते. फ्लायव्हीलमध्ये मॅग्नेट असतात, त्याखाली स्टेटरच्या कॉइल, त्यातून एसी करंट निघतो, रेक्टिफायर त्याचा डीसी करून बॅटरीला देतो, आणि त्याच एसीचे ठोके मोजून टॅको काटा फिरवतो. टॅको इंजिन मोजतच नाही, ठोके मोजतो. रेक्टिफायर अर्धवट मेला की ठोके खराब होतात आणि काटा खोटं बोलायला लागतो. म्हणून चार्जिंग गेलं आणि त्याच सुमारास आरपीएमही पडले असं कोणी म्हटलं की आम्ही इंजिनला हात लावायच्या आधी दुसऱ्या मीटरने मोजतो.

तसं मोजलं, तुमच्यासमोरच. पाण्यावर, प्लगच्या वायरला क्लिप लावून. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्पार्क, त्यामुळे हिशोब सोपा. तुमचा काटा 3900, आमचा मीटर 4600. टॅकोच्या मागचा पोल (फ्लायव्हीलच्या मॅग्नेटचे) सिलेक्ट करायचा नॉब चुकलाय का तेही बघितलं, कारण तो चुकीच्या आकड्यावर असेल तरी रीडिंग कमी दिसतं. पण नॉबची चूक असेल तर खालपासून वरपर्यंत एकाच प्रमाणात कमी दिसतं. तुमचं आयडलला (थ्रॉटल न देता) जवळजवळ बरोबर होतं आणि वर गेलं की काटा थरथरत मागे पडत होता. ही नॉबची लक्षणं नाहीत.

तरी 4600 पण कमीच. तुमच्या मॉडेलला पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 5500 पाहिजे. म्हणजे 700 चा फरक खोटा होता आणि 4600 च्या वरचा खरा. केबल नीट केली तर 4950 आले. राहिलेला फरक पंख्याचा (प्रोपेलरचा) आहे, आणि इथे जरा नाराज होऊन लिहितोय कारण रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेखच नाही. मधल्या काळात तुम्ही 13 इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबाने जेवढा पुढे जातो ते अंतर) पंखा काढून 15 चा लावला, जास्त स्पीड मिळेल म्हणून. एक इंच पिच वाढवलं की साधारण 150 ते 200 आरपीएम उतरतात, दोन इंचाला 300 ते 400. आकडा बरोबर जुळतो. मोठा पिच म्हणजे सायकल कायम वरच्या गियरमध्ये चालवल्यासारखं, इंजिनला तो फिरवता आला तरच स्पीड मिळतो, नाहीतर इंजिन कुंथत राहतं. भरलेल्या बोटीवर तर आणखी. तसंच दामटत राहिलं तर टू-स्ट्रोकचा पिस्टन जाऊ शकतो, हे मी घाबरवायला म्हणत नाही.

पेट्रोलचा प्रॉब्लेम नव्हता. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा बल्ब दाबत राहिलो तरी आरपीएम वाढले नाहीत, पेट्रोलच्या टाकीचा व्हेंट उघडा होता, तिन्ही स्पार्क प्लग एकाच रंगाचे. आणि इंजिन लिम्प मोडमध्ये (स्वतःला वाचवायला आरपीएम आपोआप कमी ठेवणं) गेलं असं जे तुम्हाला कोणी सांगितलं, तर ज्या इंजिनांत ती सोय असते तिथे ओव्हरहीट झालं किंवा ऑइल कमी झालं की बझर वाजून आरपीएम खालीच अडकतात, हळूहळू 4600 पर्यंत चढत नाहीत.

स्टेटरचं बोलतो, कारण तिथे तुम्ही आम्हाला जवळपास चोर म्हटलंय. दुसऱ्यांदा इंजिन आलं तेव्हा स्टेटरच्या एका पिवळ्या वायरवरून बॉडीला कंटिन्युइटी (करंटला वाट) दाखवत होती. तसं दिसणं म्हणजे स्टेटर शॉर्ट, म्हणून फोन करून सांगितलं की स्टेटर गेलाय असं वाटतंय. मग फ्लायव्हील काढायच्या आधी त्या वायरींचा जोडणीचा प्लग सोडवला तर आत हिरवा गंज, खाऱ्या पाण्याचा, पिना एकमेकींना आणि ब्रॅकेटला चिकटलेल्या. साफ करून परत मोजलं, बॉडीला काहीच नाही, दोन पिवळ्यांमध्ये एक ओहमच्या आत, इंजिन चालू केल्यावर एसी व्होल्टेज आरपीएमबरोबर नीट चढतंय. स्टेटर ठणठणीत. म्हणून परत फोन केला. आम्हाला पैसेच काढायचे असते तर दुसरा फोन केलाच नसता, एवढंच म्हणतो.

आता बॅटरी. रेक्टिफायर दुसऱ्यांदा का जळला हे तुम्ही स्वतःच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय, पण पुरावा म्हणून उलट बाजूने. तुम्ही लिहिलंय की "मी इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघितली, इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे चार्जिंग चांगलं होतं आणि यांनी उगाच पार्ट बदलला." सर, तुमच्या इंजिनाचं इग्निशन स्वतःच्या कॉइलवर चालतं, बॅटरी पाण्यात फेकली तरी ते चालूच राहणार, त्यातून चार्जिंगचं काहीच कळत नाही. पण वायर काढली त्या क्षणी करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेक्टिफायरचे डायोड जातात. ही जुनी ट्रिक कितीतरी जण करतात, कुठून आली देव जाणे. चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधीच काढायची नाही, बॅटरीचा मेन स्विचही ऑफ करायचा नाही.

आणि वायर हाताने काढता आली कारण टर्मिनलवर विंग नट (हाताने फिरवायचे पंखवाले) होते, तेही ढिले. लाटांच्या दणक्यांनी ते सुटतातच. तिथे साधे षटकोनी नट लावून पान्याने आवळा. तिसऱ्या वेळी बोट आल्यावर मोजलं तर रेक्टिफायरच्या बाहेर 14.4 व्होल्ट आणि बॅटरीच्या खांबावर 13.0. मधले 1.4 व्होल्ट तुमची गंजलेली केबल आणि ते नट खात होते. अर्धा व्होल्ट गेला तरी आम्ही केबल बदलायला सांगतो. बॅटरीवर ढकललं म्हणता ते हेच, आकडे तुमच्या बिलामागे लिहून दिलेत.

अजूनही रात्री गळ टाकून हळू चालवलं की बॅटरी उतरते म्हणालात. तुमचं चार्जिंग 12 अँपियरचं आहे पण ते वरच्या आरपीएमला. 800 वर रेंगाळताना त्यातले थोडेच मिळतात आणि तुमचा पंप, फिशफाइंडर, दिवे मिळून आम्ही मोजले तेव्हा साडेसहा अँपियर खात होते. तो फॉल्ट नाही, हिशोब आहे. पंप सतत चालू ठेवू नका नाहीतर दिव्या-पंपाला वेगळी बॅटरी लावा, म्हणजे निदान सेल्फ मारायला एक भरलेली राहील.

पैशाचं असं करतो. केबलच्या कामाची आणि तिसऱ्या खेपेची मजुरी परत देतो. दुसऱ्या रेक्टिफायरचे अर्धे आम्ही सोसतो, कारण चालू इंजिनावर वायर काढू नका हे पहिल्याच वेळी सांगायचं आमचं काम होतं. पूर्ण नाही देणार, वायर आम्ही काढली नव्हती.

स्टार बदला असं म्हणत नाही, पण पंख्याचं आणि वायर काढल्याचं रिव्ह्यूमध्ये लिहा, वाचणाऱ्याला कळू दे. आणि पुढच्या वेळी इंजिन उतरवू नका, बोट तशीच ट्रेलरवर आणा, तुमच्या बॅटरीसकट. जुना 13 चा पंखा ठेवला असेल तर तोही घेऊन या, लावून एक चक्कर मारू, माझ्या अंदाजाने 5300 च्या आसपास यायला पाहिजे.