लख्ख ऊन होतं, मग उतरू का दिलं नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

जगप्रदक्षिणेच्या जहाजांची बंदरं ऐनवेळी का बदलतात, या माझ्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. खाली चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहितोय. प्रतिक्रिया अशी आहे :

"लेख क्रूझ कंपनीच्या दलालाने लिहावा तसा आहे. माझ्या आईवडिलांनी आयुष्यभराची पुंजी घालून २०२४ ची जगप्रदक्षिणा केली. ईस्टर बेटासमोर लख्ख ऊन, समुद्र तळ्यासारखा, तरी कॅप्टनने कुणाला उतरू दिलं नाही. जरा हिंमत दाखवली असती तर काय बिघडलं असतं? मुंबईनंतर अकाबा, सुएझ, अथेन्स कबूल करून नेलं आफ्रिकेला वळसा घालून. केपटाऊनला व्हिसा नाही म्हणून दोघं जहाजावरच बसून राहिली. भरपाई नावाला. टिपा मात्र रोज कापल्या. आणि तुम्हाला नॉट म्हणजे काय हेही नीट ठाऊक नाही."

आधी शेवटचं, कारण ते खरं आहे. लेखात "१८ नॉट म्हणजे ताशी १८ किलोमीटर" असं पडलं होतं. एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल (सागरी) मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, म्हणजे १८ नॉट हे ताशी ३३ किलोमीटरच्या थोडं वर जातं. चूक माझी होती, दुरुस्त केली आहे. दाखवल्याबद्दल आभार.

आता "दलाल". मी २१ वर्षं जहाजांवर पर्सरच्या (जहाजाचे हिशेब आणि प्रवाशांची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसात काम केलं, त्यातल्या सहा सफरी पूर्ण जगप्रदक्षिणेच्या. या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही, कुठल्याही कंपनीचं तिकीट मी विकत नाही. तुमच्या आईवडिलांचा हिरमोड झाला याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण न पटलेला प्रत्येक माणूस विकला गेलेला असतो असं धरून चालायचं असेल, तर बोलणंच खुंटतं. असा शब्द वापरण्याआधी थोडा विचार करायला हवा होता.

तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत एक वाक्य मला फार लागलं : "जरा हिंमत दाखवली असती तर काय बिघडलं असतं?" काय बिघडतं ते सविस्तर सांगतो.

दक्षिण पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर हंगा रोआ या गावी मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज बाहेर उघड्या पॅसिफिकमध्ये नांगर टाकतं किंवा इंजिनांवर जागच्या जागी उभं राहतं, आणि माणसं छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर न्यावी लागतात. या होड्यांना टेंडर म्हणतात. एका टेंडरमध्ये साधारण शंभर-सव्वाशे माणसं मावतात. जायला-यायला, चढायला-उतरायला धरून एक फेरी पाऊण तासाच्या खाली होत नाही. हजार माणसं असतील तर नुसतं सोडायलाच निम्मी सकाळ जाते, आणि तितकाच वेळ परत आणायला.

तुम्ही ज्याला "तळ्यासारखा" म्हणता तो समुद्र आठव्या-नवव्या मजल्याच्या डेकवरून दिसलेला आहे. तिथून स्वेल दिसत नाही. स्वेल म्हणजे शेकडो मैलांवरच्या वादळाने उठवलेली लांब, संथ लाट. तिला फेस नसतो, वर वाऱ्याची झुळूकही नसते, ऊन चमकत असतं. एका लाटेपासून दुसरीपर्यंत १२ ते १५ सेकंद जातात. दोन-सव्वादोनशे मीटर लांबीच्या जहाजाला ती फारशी जाणवत नाही. बाजूला लागलेल्या टेंडरला मात्र ती दर १२ सेकंदांनी दीड-दोन मीटर वर उचलते आणि खाली सोडते.

चढण्या-उतरण्याची जागा कशी असते तेही सांगतो. जहाजाच्या पोटाला, पाण्याच्या जरा वर, एक दार उघडतं. त्याच्या बाहेर चार-पाच माणसं उभी राहतील एवढा फळीसारखा प्लॅटफॉर्म असतो. टेंडर त्याला घासून उभी असते. दोन्ही बाजूंना खलाशी. ते प्रवाशाचा तळहात कधीच धरत नाहीत, कारण घामाने आणि सनस्क्रीनने तळहात निसटतो. ते मनगट धरतात आणि प्रवाशालाही खलाशाचं मनगट धरायला लावतात. म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. होडी वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा खलाशी म्हणतो "आता", आणि पाऊल त्याच क्षणी पडावं लागतं. अर्धा सेकंद उशीर झाला की होडी खाली गेलेली असते. पाय प्लॅटफॉर्म आणि होडीच्या काठामध्ये सापडला, तर काही टनांची होडी पुढच्या लाटेबरोबर त्याच पायावर येते.

जगप्रदक्षिणेला तरणीताठी माणसं कमी असतात. बहुतेक निवृत्त. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या हातात काठी, कुणी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे. बेटावर लहानसं रुग्णालय आहे. मोठं काही झालं तर चिलीची राजधानी सँटिआगो विमानाने पाच तासांवर.

म्हणून कॅप्टन काय करतो, तर आधी रिकामी होडी उतरवतो. तीत फक्त कर्मचारी. ती प्लॅटफॉर्मला लावून दहा-पंधरा मिनिटं बघत राहतात की काठ किती वर-खाली होतोय. मग ती किनाऱ्यावर जाऊन तिथला धक्का बघून येते, कारण लहान बंदराच्या तोंडाशी लाट फुटत असेल तर तिथे धोका जहाजाजवळच्यापेक्षा जास्त. त्यानंतर निर्णय होतो. प्रवाशांना यातलं काही दिसत नाही, त्यांना स्पीकरवरून फक्त "रद्द" ऐकू येतं. ही चाचणी चालू असते तेव्हा लोकांना तिथल्या तिथे सांगायला हवं, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

आणि खरी भीती नेण्याची नसते, परत आणण्याची असते. सकाळी काठ अर्धा मीटर हलत असताना सहाशे माणसं सोडली, आणि दुपारी स्वेल वाढला, तर ती सहाशे माणसं बेटावर अडकली. रात्रीची त्यांची औषधं केबिनमध्ये. एवढ्या लोकांना पुरतील इतक्या खाटा त्या गावात एका रात्रीत उभ्या करणं सोपं नाही. सकाळचा समुद्र बघून हिंमत दाखवणारा कॅप्टन मला नको, संध्याकाळचा अंदाज बघून "नाही" म्हणणारा हवा.

"मग एक दिवस थांबायचं होतं," असं तुम्ही म्हणाल. तिथून पुढचं बंदर, ताहिती बेटावरचं पपीते, सुमारे २३०० नॉटिकल मैल. १८ नॉटने १२८ तास. एक दिवस थांबून पपीतेला वेळेवर पोचायचं तर उरतात १०४ तास, म्हणजे २२ नॉट. जहाज पाण्यातून ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. १८ वरून २२ म्हणजे ताकद पावणेदोन पटीहून जास्त. बहुतेक लक्झरी जहाजांचा वरचा वेगच २० ते २२ नॉट असतो, तोही शांत समुद्रात आणि सगळी इंजिनं चालू ठेवून. एरवी एखादं इंजिन देखभालीसाठी बंद ठेवलेलं असतं.

पपीतेला उशिरा पोचलं तर काय होतं, हे प्रवाशांना सहसा कुणी सांगत नाही. जगप्रदक्षिणा फक्त एकसंध विकली जात नाही. तिचे तुकडे असतात, त्यांना सेगमेंट म्हणतात. पपीते, सिडनी, सिंगापूर अशा ठिकाणी शेकडो लोक उतरतात आणि शेकडो चढतात. त्यांची विमानं ठरलेली, धक्का वर्ष-दीड वर्ष आधी राखून ठेवलेला, धान्य-भाज्यांचे कंटेनर आगाऊ पाठवून तिथे उभे. त्यामुळे वेळ कापायची झाली की कात्री नेहमी मधल्या बंदरावर चालते, सेगमेंट बदलण्याच्या बंदरावर जवळजवळ कधीच नाही. बुकिंग करताना हे बघता येतं : ज्या बंदरांवर सेगमेंट सुरू होतात किंवा संपतात ती पक्की धरावीत. टेंडरने उतरण्याची बंदरं, म्हणजे ईस्टर बेट, फॉकलंडचं स्टॅनली वगैरे, मिळाली तर मिळाली. कार्यक्रमपत्रिकेत टेंडरच्या बंदरापुढे बहुधा नांगराची खूण किंवा तसा शेरा असतो. लेखात मी हेच लिहिलं होतं. ते कंपनीची बाजू घेणं कसं ठरतं, मला खरंच कळत नाही.

शेवटचा शब्द कॅप्टनचाच असतो, आणि तो कंपनीच्या मर्जीने दिलेला नाही. समुद्रावरील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सोलासच्या, पाचव्या प्रकरणात ३४-१ हा नियम आहे : माणसांच्या जिवासाठी किंवा समुद्री पर्यावरणासाठी कॅप्टनला आवश्यक वाटलेल्या निर्णयात मालक, कंपनी, कुणीही आडवं येता कामा नये.

आता आफ्रिकेचा वळसा, म्हणजे तांबडा समुद्र का टाळला ते. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतलं. त्यावरच्या २५ खलाशांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रुबिमार या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, ते मार्चमध्ये बुडालं. मुंबईहून सरळ जॉर्डनच्या अकाबाला जायचं तर तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. मुंबईहून सुएझमार्गे अथेन्सचं पिरेअस बंदर ढोबळमानाने ३७०० नॉटिकल मैल, नऊएक दिवस. आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून, जिब्राल्टरमधून आत शिरून तेच अंतर ११ हजारांच्या वर, नुसतं चालत राहिलं तरी २६ दिवस. हा खर्च कुठलीही कंपनी हौसेने करत नाही. अकाबाहून पेट्रा हे प्राचीन शहर बघायचं राहून गेलं, ते दुःख मी समजू शकतो. पण त्याला फसवणूक म्हणणं मला मान्य नाही, आणि याहून जास्त मी त्यावर बोलणार नाही.

केपटाऊनच्या व्हिसाचं मात्र लिहायला हवं, कारण भारतीय पासपोर्टवाल्यांचं खरं अडतं ते इथेच. मार्ग सफरीच्या मध्यात बदलला तर अर्ज करायला वेळ नसतो. अशा लांबच्या सफरीत पासपोर्ट बहुधा जहाजाच्या ऑफिसात जमा असतात, आणि व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला माणूस स्वतः केंद्रावर हजर लागतो. तेव्हा व्हिसा छापील मार्गापुरते न काढता पर्यायी मार्ग धरून काढावेत. युरोप असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हापुन्हा आत येऊ देणारा, घ्या. आफ्रिकेवरून वळसा पडला तर ग्रीसऐवजी स्पेनच्या कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास हे पहिलं शेंगेन बंदर होतं, आणि मध्येच जहाज मोरोक्कोला शिरलं की एक एंट्री संपली. शेंगेनचा अर्ज प्रवेशाच्या तारखेआधी सहा महिन्यांहून लवकर करता येत नाही. एप्रिलअखेर युरोप आणि जानेवारीत प्रस्थान असेल, तर हातात ऑक्टोबरअखेरपासूनचे दोनच महिने राहतात. अमेरिकेचं बंदर असेल तर उतरायचं नसलं तरी व्हिसा लागतो, कारण पहिल्या बंदरावर जहाजावरच्या प्रत्येकाला इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर जावं लागतं.

भरपाईबद्दल : गळलेल्या बंदराचे कर आणि जहाजामार्फत घेतलेल्या सहलींचे पैसे खात्यावर परत येतात. बाहेरून परस्पर ठरवलेल्या सहलीचे येतीलच असं नाही. त्याहून अधिक मिळायला हवं होतं की नाही, हा तुमचा आणि कंपनीचा प्रश्न आहे. टिपांचं तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं, त्यात मला पडायचं नाही.

आईवडील पुन्हा निघणार असतील तर एक गोष्ट आजच करून ठेवा : पिवळ्या तापाची लस. जहाज पश्चिम आफ्रिकेच्या बाजूने वळवलं, सेनेगल किंवा घानाला थांबलं, की प्रमाणपत्राची गरज पडते. लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ते ग्राह्य होतं, म्हणजे आठवड्याभराच्या सूचनेवर मार्ग बदलला तर लस घेऊनही उपयोग नाही. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर आपल्याकडेच विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे लस मिळते. साठीच्या पुढे असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण लस जिवंत विषाणूची आहे. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. प्रमाणपत्राची ती पिवळी पुस्तिका पासपोर्टबरोबर ठेवा, आणि मूळ प्रतच न्या, झेरॉक्स चालत नाही.