गाइड लागतो का?

सकाळी एका ट्रेकिंग ग्रुपवर प्रश्न दिसला, "येत्या शनिवारी साम्रदला जातोय, सांधणसाठी गाइड लागतो का?" (साम्रद हे भंडारदऱ्याजवळचं गाव, सांधण ही तिथली अरुंद दरी.) प्रश्नात वावगं काही नाही. खालची उत्तरं वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. "काही गरज नाही, गुगलवर सगळं दिसतं." "गाववाले उगाच पैसे उकळतात." आणि ज्याला धडाधड लाइक पडले होते ते हे : "आम्हाला अर्ध्यातून परत आणलं आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. फ्रॉड आहेत सगळे."

मी आधी त्या माणसाचं नाव तपासलं. मला वाटलं आमच्याच बॅचमधला असणार. नव्हता.

आमचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला साम्रदला मुक्काम केला. हिरड्या-बेहड्याच्या, सादड्याच्या झाडांवर रात्री काय चालतं ते लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी रील बघितलेत. सकाळी सांधण. दोर लावून खाली कोकणातल्या डेहणे गावापर्यंत वगैरे नाही, जिथून दोरानं उतरावं लागतं त्या पहिल्या रॅपलिंगच्या जागेपर्यंत जाऊन माघारी. सोबत गावातलेच एक मामा. दरीच्या तोंडाशी पोचलो, लोक बूट आवळायला लागले, आणि मामा रतनगडाच्या खुट्याकडे, म्हणजे शेजारच्या सुळक्याकडे, बघत उभे. पाचेक मिनिटं तसेच. मग म्हणाले, "आज नको. तिकडं भरून आलंय."

भरून म्हणजे काय, एक काळपट पट्टा. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं.

ज्यांनी सांधण पाहिली नाही त्यांच्यासाठी : कातळाला पडलेली लांबलचक फट आहे ती. दोन्हीकडे दोन-तीनशे फूट भिंती, काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही तळवे दगडाला टेकतात. खाली धोंडेच धोंडे आणि मध्ये गार पाण्याची डबकी. बाहेर पडायच्या वाटा दोनच. आलात तिकडून वर, नाहीतर दोरानं खाली कोकणात. वरच्या पठारावर पडलेला पाऊस त्या फटीत शिरला तर बाजूला व्हायला जागाच नाही. पावसाळ्यात तिथे उतरू देत नाहीत ते काय हौस म्हणून?

तर आमच्यातला एक जण सुरू झाला. ऑफिसची सुट्टी, डिझेल, टोल, "इतक्या लांबून आलोय". मामा वाद घालेनात. एवढंच म्हणाले, "पाणी सांगून येत नाय, दादा." आणि कड्याच्या अंगानं चालायला लागले. दुसरं काही दाखवतो म्हणाले. आम्ही मागोमाग.

आणि काय चाल होती ती! अर्ध्या दिवसाची, गोल. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की डावीकडे रतनगड, त्याच्या पलीकडे आजोबाचा डोंगर, उजवीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, पायाखाली शहापूरकडचं धुरकट कोकण. करोली घाटाची वाट कुठून उतरते ते मामांनी काठीनं दाखवलं. करवंदं संपत आली होती, जांभळं होती. मग आत वळून भातखाचरं. भाताच्या रोपांसाठीचे राब भाजून काळे पडलेले, बांध नीट केलेले, सगळं गाव पावसाची वाट बघत बसलेलं. प्रत्येक बांधापाशी मामा कुणाशी तरी दोन शब्द बोलणार, कुणाचा बैल आजारी, कुणाची मुलगी राजूरला शिकायला. शेवटी एका वाडीतून फिरून पुन्हा त्यांच्याच ओट्यावर. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. मला सांधणीत उतरायला मिळालं नाही याचं तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आता मुद्दा. त्या दिवशी पाऊस आलाच नाही. टिपूस नाही. तो काळा पट्टा दुपारपर्यंत विरून गेला.

झालं! जेवता जेवता आमचा तो गडी म्हणतो, "मामा, निम्मेच होतात ना मग? दरी तर केलीच नाही." भाकरी त्यांच्या घरची खात, त्यांच्या बायकोसमोर! मामा म्हणाले, "द्या तुमच्या मनाला येतील तेवढे." आमच्यातल्या एका काकांनी मुकाट्यानं ठरलेले सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले, तरी गाडीत कसाऱ्यापर्यंत हेच पुराण. "पाऊस कुठे आला?"

अरे, आला नाही म्हणून तो माणूस चुकला? आला असता तर तू हे बोलायला असतास का? ज्याला आभाळ वाचता येतं त्याच्या "नको"चेच तर पैसे असतात. "चला" काय कुणीही म्हणेल. तो काय लिफ्टचा ऑपरेटर आहे, मजला आला नाही म्हणून भाडं कापायला?

मान्य, शनिवार-रविवारी काही जण तोंडाला येईल तो भाव सांगतात. सांगोत. आपण तिथल्या हॉटेलात चहाला किती देतो ते बघा आणि मग बोला.

आणि उकळण्याचीच गोष्ट निघाली आहे तर, कोण कुणाकडून उकळतंय? त्या गोल वाटेवर एक झरा होता. बायका हंडे घेऊन बसलेल्या, पाणी वाटीवाटीनं जमत होतं. जूनमध्ये! घाटघर-साम्रदचा पाऊस म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जोरदार पावसांपैकी. जवळच भंडारदऱ्याचं धरण, 1926 सालचं, 11 टीएमसीचं. ते पाणी प्रवरेतून, कालव्यांतून खाली उसाला जातं. (माझं सासर श्रीरामपूरकडचं, त्यामुळे यावर घरात मी फार बोलत नाही.) पण धरणाच्या वरच्या अंगाच्या या वाड्यांत उन्हाळ्यात हंडा आणि त्याच झऱ्यावर आपले ट्रेकर बुटांचा चिखल धुणार. मामांनी आम्हाला तिथे बाटल्या भरू दिल्या नाहीत. तेही कुणाला तरी खटकलंच होतं.

चिडून लिहितेय, कळतंय मला. सगळे तसे नसतात. काही ग्रुप गावातच जेवतात, गावातलाच माणूस घेतात, कचरा परत नेतात, त्यांच्यामुळे तिथल्या घरांत चार पैसे येतात हेही खरं. भात आणि हिरडा एवढ्यावर वर्ष निघत नाही. माझा राग त्या "फ्रॉड" शब्दावर आहे. परत आणलं म्हणून फ्रॉड! सुखरूप आणलं रे बाबा, घरी बसून कमेंट टाइप करतोयस.

तर ज्यानं प्रश्न विचारला होता त्या मुलाला : हो, लागतो. साम्रदमध्ये कुठल्याही घरी विचार, कुणीतरी येईल. पैसे आधी ठरव आणि तो जिथून परत फिरवेल तिथून फीर, पैसे तेवढेच दे. माणशी चार लिटर पाणी खालूनच भरून ने. दरी नाहीच जमली तर कड्यावरून फिरवून आणा म्हण, मिसळ खायला वेळेत धरणाजवळच्या शेंडी गावात पोचशील.

आणि इथे कमेंटमध्ये "पण पैसे पूर्ण का द्यायचे" लिहिणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. सरळ ब्लॉक.