सराफ्यातलं आपलं काय?

आईचा फोन आला तेव्हा मी न्यूयॉर्कमध्ये, जॅक्सन हाइट्सच्या रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर मैत्रिणींसोबत एका छोट्या इक्वादोरी हॉटेलात बसले होते. डोक्यावरच्या पुलावरून सात नंबरची मेट्रोगाडी गेली की टेबलावरचे ग्लास थरथरतात. तिकडे इंदूरला, रामबागेत सकाळ झाली होती आणि आई पेपर वाचून तापली होती. इंदूरचा सराफा म्हणजे दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली; या रात्रीच्या ‘चौपाटी’वरून वाद पेटलाय. सोन्या-चांदीचे दुकानदार म्हणतात, एवढ्या गर्दीत गॅसच्या टाक्या म्हणजे धोका, चौपाटी हलवा. त्यावर तोडगा पुढे आला की पारंपरिक पदार्थांची दुकानं राहू द्या, मोमो-नूडल्सवाल्यांना उठवा. आईला तो मनापासून पटलाय. “आपलं ते राहिलं पाहिजे,” ती म्हणाली.

फोन ठेवला आणि मागवलेली उमिता टेबलावर आली. मक्याच्या हिरव्या पानांची, दोऱ्याने बांधलेली पुडी. गाठ सोडली, पान उलगडलं आणि वाफेबरोबर भुट्ट्याच्या किसाचा वास आला. मी क्षणभर हात आखडून बसले. कोवळा मका वाटून, त्यात चीज घालून कणसाच्याच पानात वाफवायचा, एवढंच ते. आपण इंदूरकडे भुट्टा किसतो, दुधात शिजवतो, हिंग-मोहरीची फोडणी देतो. मागून तळलेला युका आला, बाहेरून कडक, आत पिठूळ. वर जीरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, भुरभुरवलं असतं तर डिसेंबरातला गराडू, आपला तो तळलेला कंद, म्हणून खपला असता. इक्वादोरची मैत्रीण म्हणाली, यापिंगाचो खाऊन बघ. बटाटा कुस्करून, आत चीज भरून तव्यावर भाजलेली टिक्की आणि वर शेंगदाण्याचा दाट रस. उपासाची बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी एका ताटलीत!

यात नवल नाही खरं तर. बटाटा अँडीजच्या डोंगरांतला, शेंगदाणा बोलिव्हियाच्या दक्षिणेकडचा, मका मेक्सिकोचा. ही पिकं आपल्याकडे आली ती युरोपी जहाजं यायला लागल्यावर. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांनी आणून दिलेला. आणि युका म्हणजे कसावा, आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच. सेलमकडे त्याचे कारखाने उभे राहिले १९४०च्या दशकात. म्हणजे सराफ्यातल्या खिचडीतला देशी साबुदाणा फार तर माझ्या आजीच्या वयाचा. गराडू मात्र त्या जहाजांतून आलेला नाही, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आईचं म्हणणं मी उडवून लावत नाही. किसाच्या कढईपाशी तासभर हलवत उभं राहावं लागतं. गराडू थंडीतच मिळतो. वर्षभर दहा मिनिटांत नूडल्स परतून देणाऱ्याशी या माणसांनी जागेसाठी झगडायचं तरी कसं? जुन्या दुकानांना जागेची हमी द्या, ती मला हवीच आहे. ती कढई गेली तर सराफा माझ्यासाठी संपला. आणि त्या अरुंद गल्लीतून रात्री मला गाडी काढावी लागत नाही, हेही मी जाणते.

पण धोका टाकीचा असेल, तर टाक्या मोजा, गल्लीची रुंदी मोजा. कचोरीवाल्याची टाकी मोमोवाल्याच्या टाकीपेक्षा कमी पेटते का? मूळ वाद सुरक्षेचा होता. त्यात आपलं-परकं कुठून शिरलं?

आमच्या इथून पुढे, त्याच सात नंबरच्या गाडीच्या मार्गावर कोरोना प्लाझा नावाचा चौक आहे. तिथे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बाया तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पानात वाफवलेल्या पुड्या, आणि कापलेली फळं विकत. २०२३च्या उन्हाळ्यात पालिकेने त्यांना हटवलं. परवान्यांची संख्या इतकी कमी की बहुतेकींकडे तो असणं शक्यच नव्हतं. पुढे काही महिन्यांनी, मोजक्या जणींना, ठरवून दिलेल्या जागेत परत बसू दिलं. पुरेसं नव्हतं ते, पण तिथे निदान जागा, वेळ, परवाना यांवर बोलणं झालं. तमाले कुठल्या देशाचा, यावर कुणाचं बसणं ठरलं नाही.

परवा आईला हे सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, मोमोवाला पोरगा आपल्याच गल्लीत भाड्याने राहतो, पहाटे तीनला भांडी घासून घरी येतो, त्याला उठवलं तर तो जाणार कुठे, ते पेपरात आलेलं नाही.