पॉइंट धंद्याचे, मग वहीत का नाहीत?

धंद्याच्या क्रेडिट कार्डावर जमलेले पॉइंट म्हणजे धंद्याच्या खर्चावर मिळालेली सूट. खर्च ज्याचा, सूट त्याची. छोट्या धंद्यांचे हिशोब बघणं हे माझं काम, आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मालकाला मी हे सांगते. पटायला वेळ लागतो. माल धंद्याच्या पैशानं घेतला, बिल धंद्याच्या चालू खात्यातून भरलं, वार्षिक फीसुद्धा धंद्यानंच भरली; पण पॉइंट मात्र मालकाच्या मोबाइलमधल्या एका ॲपमध्ये असतात आणि वर्षाच्या शेवटी त्यातून घरच्यांची सहल होते. वहीत त्याची एक ओळही नसते.

सहलीला माझा विरोध नाही. जरूर करा. मालक स्वतः बारा-बारा तास राबतो, त्याला सुट्टी मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की पॉइंट ही मोजण्यासारखी, लिहिण्यासारखी, वाटून घेण्यासारखी गोष्ट आहे, आणि तसं वागलो की कार्डाबद्दलचे बाकीचे निर्णयही आपोआप शहाणपणाचे होतात.

आधी हे पॉइंट येतात कुठून ते बघू. तुम्ही पुरवठादाराला कार्डानं पैसे देता तेव्हा त्याच्या हातात पूर्ण रक्कम पडत नाही. त्यातून काही टक्के कापले जातात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात, आणि त्यातलाच एक तुकडा बँक तुम्हाला पॉइंटच्या रूपात परत देते. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कार्ड लावतं तेव्हा हेच तुमच्या बाबतीत घडतं. एका हातानं तुम्ही दुसऱ्याच्या पॉइंटचे पैसे भरताय आणि दुसऱ्या हातानं स्वतःचे पॉइंट घेताय. म्हणून मी म्हणते की कार्ड स्वीकारणाऱ्या छोट्या व्यावसायिकानं पॉइंट सोडून देणं म्हणजे तोटाच आहे. दुसऱ्यांच्या पॉइंटचा खर्च त्याच्या मालाच्या किमतीत आधीच बसलेला असतो.

धंद्याच्या कार्डावर पॉइंटची खैरात जास्त का, याचंही कारण इथेच आहे. युरोपीय संघानं 2015 मध्ये इंटरचेंजवर मर्यादा घातली, डेबिट कार्डाला 0.2 टक्के आणि क्रेडिट कार्डाला 0.3 टक्के. पण ती ग्राहकांच्या वैयक्तिक कार्डांना. धंद्याची कार्डं त्यातून वगळली. म्हणजे धंद्याच्या कार्डावर बँकेची मिळकत मोठी राहिली, शिवाय धंद्याचा खर्चही घरखर्चापेक्षा मोठा. मोठी मिळकत, मोठा खर्च, म्हणून सुरुवातीचा बोनसही मोठा.

या उदारपणाची दुसरी बाजू जाहिरातीत नसते. अमेरिकेत 2009 साली कार्डधारकांना संरक्षण देणारा कायदा झाला. आधीच्या थकबाकीवर अचानक व्याजदर वाढवायचा नाही, बदलाची पूर्वसूचना द्यायची, असे नियम त्यानं घातले. तो कायदाही वैयक्तिक कार्डांपुरताच आहे. धंद्याच्या कार्डाला ते कवच नाही. शिवाय छोट्या धंद्याच्या कार्डावर बहुतेक ठिकाणी मालकाची वैयक्तिक हमी घेतात. कंपनी मर्यादित जबाबदारीची असली तरी ती सही केल्यावर बिलाची जबाबदारी तुमच्या घरापर्यंत येते. करारातली ती ओळ शोधून वाचा. कार्डावर नाव कंपनीचं छापलंय म्हणून कर्ज कंपनीचंच, असं समजून चालणारे लोक मी खूप पाहिलेत.

आता व्याज. इथे मी थांबणार आहे, कारण पॉइंटचा सगळा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो.

समजा कार्ड खर्चावर दोन टक्के किमतीचे पॉइंट देतं. हे चांगलं कार्ड झालं. आणि समजा व्याज वर्षाला चोवीस टक्के, म्हणजे महिन्याला दोन. एक महिना बिल थकलं की पॉइंट संपले. दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही विमानाचं तिकीट बँकेकडून हप्त्यानं विकत घेताय, तेही महागात. आणि यात एक बारीक गोष्ट आहे. बिलाची पूर्ण रक्कम भरली नाही तर बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढायला लागतं. थोडीच बाकी ठेवली, बाकीचं तर भरलं, असं म्हणून सुटका होत नाही. कार्डावरून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, आणि पॉइंट बहुधा शून्य.

मग कार्ड कुणी वापरावं? ज्याच्या धंद्यात पैसा बिलाच्या तारखेआधी येतो त्यानं. रोखीचा किंवा लगेच वसुलीचा धंदा असेल तर माल आज घेतला, बिल तयार व्हायला काही आठवडे, भरायला आणखी काही दिवस, आणि तोवर माल विकून पैसे गल्ल्यात. अशा धंद्याला खरा फायदा त्या बिनव्याजी दिवसांचा होतो, पॉइंट वरचा. खरेदी बिलाच्या तारखेनंतर लगेच केली तर मुदत जास्तीत जास्त मिळते, म्हणून मोठी खरेदी कधी करायची हे त्या तारखेवरून ठरवायला मी सांगते. याउलट ज्याची गिऱ्हाइकं साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतात, त्याचं कार्डाचं बिल आधी येणार आणि वसुली मागाहून. त्यानं पॉइंटच्या मोहात माल कार्डावर घेऊ नये. त्याला खेळत्या भांडवलासाठी बँकेची साधी कर्जमर्यादा कितीतरी स्वस्त पडते. हे ऐकून लोक नाराज होतात, तरी मी सांगते.

पुरवठादार कार्डावर जादा आकार लावत असेल तर गणित आणखी सोपं. पॉइंटची किंमत दीड टक्का आणि आकार दोन टक्के, तर थेट बँकेतून पैसे पाठवा. ब्रिटनमध्ये 2018 पासून वैयक्तिक कार्डावर असा आकार घ्यायला बंदी आहे, पण धंद्याच्या कार्डावर घेता येतो. तेव्हा आकार कुठेच नसतो असं धरून चालू नका, आधी विचारा. आणि रोख दिल्यावर पुरवठादार जी सूट देतो तीही या तुलनेत घ्या, कारण कार्ड वापरल्यावर ती जाते.

बोनसबद्दल एकच गोष्ट. पहिल्या काही महिन्यांत अमुक इतका खर्च केला तर एवढे पॉइंट, अशी अट असते. तो खर्च तुमच्या नेहमीच्या खरेदीत बसत असेल तरच ते कार्ड घ्या. वर्षातला सर्वात मोठा माल भरण्याचा हंगाम जवळ आला की कार्डासाठी अर्ज करणं हे मला योग्य वाटतं. पण बोनससाठी नको तो माल भरणं, किंवा ओळखीच्या माणसाच्या मशीनवर खोटं बिल करून पैसे फिरवून आणणं, हे अजिबात नाही. दुसऱ्या प्रकारात तर बँक खातं बंद करते, पॉइंट जप्त करते, आणि खोट्या बिलाचा जबाब करखात्याला द्यावा लागतो तो वेगळाच.

कुठल्या खर्चावर जास्त पॉइंट, हे तुम्ही काय घेतलं यावर ठरत नाही. विकणाऱ्याला कार्डव्यवस्थेनं दिलेल्या चार आकडी संकेतांकावर ते ठरतं. किराणा आणि सुपरमार्केटचा 5411, कार्यालयीन साहित्याच्या दुकानांचा 5943, हॉटेलांचा 7011. तोच कागदाचा गठ्ठा सुपरमार्केटमधून आणला तर तो किराणा, साहित्याच्या दुकानातून आणला तर कार्यालयीन खर्च. म्हणून नव्या पुरवठादाराकडे एक लहान बिल करून ते कोणत्या वर्गात पडलं हे स्टेटमेंटमध्ये बघून घ्यायचं आणि मगच मोठी ऑर्डर द्यायची. काही कार्डं इंधन, विमा, कर, भाडं अशा खर्चांवर पॉइंट देतच नाहीत. छोट्या धंद्याचा निम्मा खर्च याच रकान्यांत असतो, त्यामुळे घेण्याआधी ही यादी वाचणं जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

पॉइंट जमले की वापरायचे कसे? बँकेच्या पोर्टलवर तिकीट काढता येतं, ते सोपं, पण एका पॉइंटला मिळणारी किंमत बहुधा ठरलेली आणि बेताची. दुसरा मार्ग म्हणजे पॉइंट विमान कंपनीच्या कार्यक्रमात पाठवणं; तिथल्या पॉइंटना मैल म्हणतात. इथे गंमत अशी की एका कंपनीच्या मैलांवर दुसऱ्या भागीदार कंपनीचं तिकीट काढता येतं. विमान कंपन्यांच्या आघाड्यांपैकी स्टार अलायन्स 1997 मध्ये, वनवर्ल्ड 1999 मध्ये आणि स्कायटीम 2000 मध्ये सुरू झाली, त्यामुळे या आघाड्यांतल्या कुठल्या कंपनीकडे त्याच विमानाला कमी मैल लागतात हे शोधण्यात खरा नफा आहे. पण पाठवलेले पॉइंट साधारणपणे परत येत नाहीत. आधी सीट उपलब्ध आहे का ते बघायचं, मग पाठवायचे. हा क्रम उलटा करू नका.

किंमत काढायची रीत अशी. तिकिटाचे रोख पैसे 30,000, पॉइंटवर काढलं तर 40,000 पॉइंट आणि वर कर-अधिभार 4,000. चलन कुठलंही धरा. वाचले 26,000, भागिले 40,000, म्हणजे पॉइंटमागे 0.65. हाच आकडा रोख परताव्याच्या कार्डाशी ताडून बघा. बिझनेस क्लासच्या तिकिटावर हा आकडा फार फुगतो आणि लोक त्यावर खूश होतात, पण जे तिकीट तुम्ही रोखीनं कधीच काढलं नसतं त्याची छापील किंमत तुमच्या बचतीत धरता येत नाही. ज्यांना धंद्यासाठी प्रवास करावाच लागत नाही, त्यांना मी सरळ रोख परताव्याचं कार्ड सुचवते. प्रवासाचे पॉइंट हे प्रवास करणाऱ्यांसाठी.

आणि साठवू नका. हे मला सगळ्यात पोटतिडकीनं सांगायचंय. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 मध्ये मैलांचा कार्यक्रम काढला तेव्हा मैल उडून मिळत. 1987 मध्ये त्याला जोडलेलं क्रेडिट कार्ड आलं आणि जमिनीवरच्या खरेदीतूनही मैल मिळायला लागले. आज हा विमान कंपन्यांचा स्वतंत्र धंदा आहे: 2023 मध्ये डेल्टा या विमान कंपनीला अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीकडून सुमारे 680 कोटी डॉलर मिळाले. मैल छापणारी कंपनीच मैलांचा भाव ठरवते. डेल्टानं 2015 मध्ये आणि युनायटेडनं 2019 मध्ये कुठल्या प्रवासाला किती मैल याचे जाहीर तक्ते काढून टाकले, तेव्हापासून भाव मागणीप्रमाणे हलतो. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल 36 महिन्यांनी संपतात. ऑस्ट्रेलियाची अ‍ॅन्सेट 2001 मध्ये बुडाली तेव्हा तिच्या प्रवाशांचे साठलेले पॉइंट बिनकिमतीचे झाले. बँकेत ठेवलेल्या पैशावर व्याज मिळतं, पॉइंटवर कधीच नाही. येत्या वर्षभरात लागतील तेवढे जमवा आणि वापरून मोकळे व्हा.

आता पुन्हा वहीकडे. माझी पद्धत साधी आहे. दर महिन्याला स्टेटमेंट जुळवताना एका वेगळ्या पानावर पॉइंट लिहायचे: किती जमले, किती वापरले, कशासाठी, शिल्लक किती. परत केलेल्या मालाचे पॉइंट बँक कापून घेते, तेही इथे पकडले जातात. धंद्याच्या कामाचं तिकीट पॉइंटवर काढलं तर प्रवासखर्च म्हणून फक्त प्रत्यक्ष भरलेली कर-अधिभाराची रक्कम लिहायची. तिकिटाची पूर्ण किंमत खर्चात दाखवायची नाही, कारण तेवढे पैसे गेलेलेच नाहीत. मालकानं ते घरच्या प्रवासाला वापरले तर माझ्या मते त्याची किंमत काढून मालकाची उचल म्हणून नोंद ठेवावी. कराच्या दृष्टीनं प्रत्येक देशाचा नियम वेगळा, तो तुमच्या करसल्लागाराला विचारा. पण अंतर्गत नोंदीला कुणाची परवानगी लागत नाही.

भागीदारी असेल तिथे तर हे पान नसलं की भांडण ठरलेलं. कार्ड एका भागीदाराच्या नावावर, त्यामुळे पॉइंटही त्याच्या खात्यात. खर्च दोघांचा. पहिली दोन वर्षं कुणी बोलत नाही, मग एकाच्या सहलीचे फोटो दुसरा बघतो आणि आतल्या आत धुमसतो. मी भागीदारीच्या करारातच एक कलम घालायला सांगते: पॉइंट नफ्याच्या प्रमाणात, किंवा ते फक्त धंद्याच्या प्रवासालाच. दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण कार्ड यायच्या आधी. भागीदारी मोडली तर शिल्लक पॉइंटचं काय, हेही त्याच कलमात घ्या, कारण ते एका खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात हलवायला बँक बऱ्याचदा नकार देते.

आणि तुमच्याकडे काम करणारी माणसं. त्यांच्या हातात जोडकार्डं, म्हणजे मालकाच्याच खात्यावरची जादा कार्डं असतात, माल आणायला ते धावतात, प्रदर्शनाला रात्रीच्या बसनं जातात. त्यांच्या कार्डावरचे पॉइंटही मालकाच्या खात्यात जमा होतात, आणि नियमानं ते बरोबरच आहे. पण पुढच्या वेळी कुणाला लांब पाठवायचं असेल तर आधी त्या पानावरची शिल्लक बघा. बसच्या तिकिटाऐवजी विमानाचं तिकीट त्या पॉइंटवर निघत असेल तर ते काढून द्या, आणि वहीत त्याच्या नावापुढे नोंद करा.

तुमच्या धंद्यात पॉइंट कुणाच्या नावावर जमतात आणि कोण वापरतं, हे कमेंटमध्ये सांगा. भागीदारीच्या कलमाचा मसुदा हवा असेल तर तसं लिहा, मी इथेच टाकते.