‘मालकाचा विमा असतोच की!’

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गोव्यात गाडी भाड्याने घेताना आधी नंबर प्लेट बघा, मग जादा पैसे भरून डॅमेज कव्हर (गाडीच्या नुकसानीचा आपल्यावरचा बोजा कमी करणारं संरक्षण) घ्यायचं की नाही ते ठरवा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘गाडीला मालकाचा विमा असतोच. आम्ही दहा वर्षं म्हापशाच्या एका ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी घेतो, कधी काही झालं नाही. या दिवाळीतही घेणार. उगाच घाबरवू नका. कमिशन किती मिळतं?’

कमिशन शून्य. आता मुद्द्याचं.

मालकाचा विमा असतो, अगदी मान्य. पण तो काढलाय मालकाने, स्वतःसाठी. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ म्हणून एक कलम असतं आणि भाड्याने देणं त्यात बसत नाही. भाड्याने घेणाऱ्याने स्वतः चालवायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, ती याचसाठी. तुमचे ओळखीचे गृहस्थ भले असतील, पण पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली हे उघड झालं की विमा कंपनी हात वर करू शकते. रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर कोर्ट कधीकधी कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक मग ते पैसे कोणाकडे मागेल? शिवाय गाडी चालवणारे म्हणून दाव्यात तुमचंही नाव येणार. ओळख तिथपर्यंत टिकते का, हे मला पाहायचं नाही.

डॅमेज कव्हरबद्दल मात्र तुमचं थोडं बरोबर आहे. मी सरसकट ‘घ्याच’ असा सूर लावला होता, तो चुकला. दोन दिवसांसाठी जुनी हॅचबॅक घेतलीत आणि पणजी-मिरामार एवढंच फिरणार असाल, तर नाही घेतलं तरी चालेल. पण माझा अनुभव सांगतो. आसगावच्या एका बोळात समोरून मिनीबस आली. मी गाडी डावीकडे दाबली आणि मागचं दार चिऱ्यांच्या गडग्याला घासलं. वीतभर ओरखडा. दहा हजार डिपॉझिटमधले साडेसात हजार गेले; त्यातले निम्म्याहून जास्त ‘गाडी तीन दिवस गॅरेजात होती’ म्हणून त्या दिवसांच्या भाड्याचे. गाडी काळ्या पाटीची, विमा चोख. तरी मालकाने क्लेम केलाच नाही. का करेल? क्लेम केला की त्याचा नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो आणि झीरो डेप (भागांच्या झिजेचे पैसे न कापणारं जादा कव्हर) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात. त्यापेक्षा तुमचं डिपॉझिट हाताशी आहे. म्हणून करारात दोन गोष्टी शोधा: नुकसानीत तुमचा वाटा जास्तीत जास्त किती, आणि गॅरेजातल्या दिवसांचं भाडं कोणाच्या माथी. जादा कव्हरमध्येही टायर, किल्ली आणि पाणी शिरून बंद पडलेलं इंजिन बहुधा वगळलेलं असतं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे शेवटचं खास बघावं.

आणि तुमच्या स्वतःच्या हाडांचं काय? तुम्ही तो विषयच काढला नाहीत, मूळ लेखात मीही विसरलो होतो. गाडीच्या पॉलिसीबरोबरचा 15 लाखांचा अपघात विमा ‘मालक-चालका’चा असतो. आरसी बुकात ज्याचं नाव, त्याचा. तुम्ही मालक नाही. बरं, तुम्हाला ‘तिसरा पक्ष’ (म्हणजे रस्त्यावरच्या माणसासारखा त्रयस्थ) ही धरता येत नाही. दुसऱ्याकडून मागून घेतलेल्या मोटारसायकलवर अपघातात मरण पावलेल्या माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं, की वाहन मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. म्हणजे चूक तुमची असेल, तर मालकाच्या विम्यातून तुमच्या घरच्यांच्या हाती फारसं काही लागायचं नाही. यावर तुमचा स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा हाच उपाय. तो एकदा काढला की वर्षभर सगळीकडे चालतो, गोव्यापुरता नसतो. मला विचाराल तर डॅमेज कव्हरच्या आधी हा.

आता दिवाळीचं. त्या गृहस्थांकडून पॉलिसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि ‘वापराची मर्यादा’ हा रकाना वाचा. काय लिहिलंय ते इथेच खाली कळवा. माझं चुकलं असेल तर लेखात दुरुस्ती करतो.