के फॉर कटकट

इंग्लंडात घर घेताना लोक शाळा बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात, भिंतीला हात लावून ओल आहे का बघतात. पत्त्याचं स्पेलिंग कोणी बघत नाही. आमच्या रस्त्याचं नाव 'द नोल'. लिहायचं के एन ओ एल एल, म्हणायचं नोल, आणि के ने गप्प बसायचं. अर्थ टेकडी. म्हणजे धड टेकडीपण नाही, टेकाड. असले नोल या देशात गावोगाव आहेत, कुठे रस्ता, कुठे वृद्धांचं होम.

आता इथे बँक असो, इन्शुरन्स असो, फोन लावला की जन्मतारखेनंतरचा प्रश्न ठरलेला, पत्त्याची पहिली ओळ सांगा. पोस्टकोड दिला तरी सुटका नाही, सिक्युरिटी ना! मी म्हणतो नोल. पलीकडची बाई विचारते, नोएल? ख्रिसमसवाला? मी म्हणतो नाही हो, के पासून सुरू होतो. मग शांतता, कीबोर्डची टकटक, आणि दबक्या आवाजात "कोल?" एकदा तर कुरियरच्या लेबलवर नुसतं 'नल' छापून आलं, एन यू एल एल. सॉफ्टवेअरवाला मित्र म्हणाला, म्हणजे तुझा पत्ताच रिकामा आहे, पार्सल आलं हेच नशीब समज.

शेवटी एक युक्ती सापडली. म्हणायचं, "ग्रासी नोल मधला नोल." पन्नाशीच्या पुढचा माणूस असेल तर पुढे एक अक्षर बोलावं लागत नाही. 22 नोव्हेंबर 1963, डॅलसचा डीली प्लाझा, उघड्या गाडीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींची गोळ्या घालून झालेली हत्या आणि रस्त्याकडेचा तो गवताळ उंचवटा, जिथे दुसरा बंदूकवाला लपला होता असं बऱ्याच लोकांना अजून वाटतं. स्पेलिंगचा प्रश्न सुटला, पण नवीन दुखणं मागे लागलं, कारण आता समोरचा माणूस स्पेलिंग सोडून केनेडींवर बोलायला लागतो. एका गृहस्थांनी मला होल्डवर न ठेवता सगळा इतिहास ऐकवला, की 1964 मध्ये हत्येच्या चौकशीसाठी नेमलेलं वॉरन कमिशन म्हणालं गोळ्या झाडणारा एकटा ऑस्वाल्ड, तोही पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून, मग 1979 मध्ये अमेरिकन संसदेची समिती म्हणाली की आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून टेकाडावर अजून एकजण असावा, आणि 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी तो आवाजाचा पुरावाच मोडीत काढला. "तुम्हाला काय वाटतं?" मला वाटत होतं की माझं गॅसचं बिल जास्त आलंय.

आईचं वेगळंच. ती कोल्हापुरातून फोनवर खणखणीत 'क्नोल' म्हणते. लेक लगेच, "आजी, के सायलेंट असतो गं." आजी म्हणाली, "मग लिहितात कशाला मेले?" चुकीचं काय बोलली सांगा! जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द 'क्नोल'च होता, क अगदी तोंड भरून म्हणायचे, नी (गुडघा) आणि नाइट (सरदार) मध्येपण म्हणायचे. सतराव्या शतकाच्या आसपास तो क म्हणायचा कंटाळा केला, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग पक्कं करून टाकलेलं, त्यामुळे आवाज गेला नि अक्षर राहिलं. म्हणजे त्या जुन्या काळातला इंग्लंडचा आल्फ्रेड राजा आज आला असता तर आमचा पत्ता त्याला आईकडूनच कळला असता, मी आणि माझी इथे शिकलेली लेक दोघंही बाद.

तेव्हा म्हणे या शब्दाचा अर्थ डोंगराचा माथा असापण व्हायचा. अजूनही शब्द कुठेही ताणतात, सॉमरसेटमध्ये सपाट माळावर ब्रेंट नोल उभा आहे तो 137 मीटर, वर लोहयुगातला किल्ला. आणि आमचा नोल, वर जुना पत्र्याचा शेड.

तिकडे जर्मनीत याच शब्दाचा भाऊबंद 'क्नोलं', म्हणजे कंद, गड्डा. डच लोकांचा 'क्नोल' म्हणजे सलगम, आणि त्यांच्यात एखाद्याला टोपी घातली की म्हणतात लिंबं म्हणून सलगम विकले. आम्हाला घर दाखवणाऱ्या एजंटने नेमकं हेच केलं. जाहिरातीत 'उंचावरचं घर, सुरेख नजारा'. नजारा म्हणजे सुपरमार्केटचं पार्किंग, आणि उंची कळते कचऱ्याच्या दिवशी. चाकांचा तो उंच डबा घेऊन सकाळी खाली उतरायचं, उतार असा की दहा पावलांनंतर डबा आपल्याला नेतो, झाकण फटफट करत उघडतं, फुटपाथच्या खाचेत डावं चाक अडकतं आणि वरची दह्याची रिकामी डबी टुणटुण उड्या मारत आपल्या आधी मेन रोडला पोचते. शेजारच्या बाई खिडकीतून "मॉर्निंग!" म्हणतात. त्यांचा डबा आदल्या रात्रीच खाली गेलेला असतो, आणि तो कोण नेतं हे मला आजवर दिसलेलं नाही.

बरं, घरी पाहुणे येणार म्हटलं की ते आधी नाव गुगल करतात आणि त्यांना दिसते अमेरिकन फर्निचर कंपनी, हान्स नोल यांनी 1938 मध्ये न्यूयॉर्कला काढलेली. पुण्याच्या मामेभावाने त्या खुर्च्यांच्या किमती बघितल्या आणि आमच्याबद्दल सबंध नातेवाइकांत भलताच समज पसरवून दिला. आता लग्नाच्या आहेराच्या अपेक्षा त्या हिशोबाने येतात.

आणि नोल चा अजून एक जुना अर्थ आहे, घंटा वाजवणे, त्यातून मयताची. शब्दाचं मूळ वेगळं, स्पेलिंग तेच. हे आईला कळू दिलेलं नाही, नाहीतर तिने त्याच दिवशी घर बदलायला लावलं असतं, आणि एजंटने पुढचं घर दाखवलं असतं ते नॉटिंगहॅममधल्या कुठल्या तरी नाइटन रोडवर, तोही के ने सुरू होणारा.